हयातीचे गणित आणि ज्ञातीचे वर्षासन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला जो विषय नेमून दिला आहे, तो संमेलनाच्या मंगल प्रसंगाशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. शुभकार्यात मृत्यूचा उच्चार करू नये असा आपला शिष्टाचार आहे, आणि आयुर्विम्याच्या गणितात तर त्या शब्दावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. परंतु येत्या साधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. दिवंगत सभासदांच्या पत्नींस तहहयात वर्षासन देणारा एक निधी ज्ञातीने उभारावा आणि त्याकरिता प्रत्येक सभासदाकडून सारखी वर्गणी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. ठरावामागील हेतू इतका चांगला आहे की त्याच्याविरुद्ध बोलण्याचे धैर्य सहसा कोणास होणार नाही. मीही विरोधासाठी उभा नाही. ‘तहहयात’ आणि ‘सारखी’ या दोन शब्दांच्या पोटात काय दडले आहे, ते हात वर करण्यापूर्वी आपणांस ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने मी बोलणार आहे.

आरंभी एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. १९०१ ते १९११ या दशकात हिंदुस्थानात जन्मलेल्या बालकाचे सरासरी आयुर्मान अवघे तेवीस वर्षांच्या आसपास होते. १९४१ ते १९५१ या दशकात ते बत्तिसांवर आले. आणि २०१६ ते २०२० या काळाच्या सरकारी पाहणीत ते सत्तर वर्षे निघाले. हे आकडे वाचून पुष्कळांची अशी समजूत होते की, आपले पणजोबा तेविसाव्या वर्षी वृद्ध होऊन वारले असले पाहिजेत. पण आपल्यापैकी अनेकांनी साठी उलटलेले पणजोबा छायाचित्रांत पाहिले आहेत, त्यांच्या शांतीचे आणि तीर्थयात्रांचे वर्णन ऐकले आहे. मग हा तेविसांचा आकडा आला कोठून? तो आला पाळण्यातून. त्या काळी जन्मलेल्या मुलांचा फार मोठा भाग वर्ष पुरे होण्याच्या आत किंवा पाचवे वर्ष लागण्यापूर्वी जात असे, आणि शून्य, एक, दोन अशा आयुष्यांची भर साठ आणि सत्तर वर्षांच्या आयुष्यांत घालून सरासरी काढली की ती मधेच कोठेतरी, जेथे फारसे कोणी मरत नाही अशा वयावर येऊन पडते. जन्मवेळचे सरासरी आयुर्मान हा नवजात बालकाविषयीचा आकडा आहे. तो तिशीच्या तरुणाला लागू नाही, साठीच्या गृहस्थाला तर मुळीच नाही. आजच्या हिंदी गृहस्थाने साठी गाठली म्हणजे त्याच्यापुढे सरासरीने दहाच वर्षे उरली असे जो मानील, तो सुमारे आठ वर्षांनी चुकेल. साठी गाठणाऱ्यास आणखी अठराच्या आसपास वर्षे सरासरीने मिळतात.

हे असे का होते, याचे पहिले स्वच्छ उत्तर ज्या कोष्टकात सापडते, ते आता सव्वातीनशे वर्षांहून जुने झाले आहे. ज्या धूमकेतूला हॅलेचा धूमकेतू म्हणतात, त्याच एडमंड हॅलेने ते १६९३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच्याआधी १६६२ मध्ये जॉन ग्राँट या लंडनच्या कापड-व्यापाऱ्याने शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांवरून असा प्रयत्न केला होता, पण त्या याद्यांत मृतांची वये नव्हती, म्हणून त्याला पुष्कळसे अंदाजाने भरावे लागले. हॅलेला आकडे मिळाले ते ब्रेस्लाउ नगरातून. आज हे नगर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ असे आहे. तेथील कास्पर नॉयमान या धर्मोपदेशकाने १६८७ ते १६९१ या पाच वर्षांतील जन्म आणि मृत्यू वयांसह काळजीपूर्वक टिपून ठेवले होते. एका धर्मगुरूची नोंदवही आणि एका ज्योतिर्विदाची बुद्धी यांच्या संयोगातून हे शास्त्र उभे राहिले, ही गोष्ट मला नेहमी फार अर्थपूर्ण वाटत आली आहे. वह्या नीट ठेवणाराचे नाव मागाहून कोणी घेत नाही, म्हणून ते येथे मुद्दाम घेतले.

हॅलेच्या कोष्टकात प्रारंभी पहिल्या वर्षात असलेली १००० मुले आहेत. त्यांतील विसाव्या वर्षी ५९८ हयात राहतात, तिसाव्या वर्षी ५३१, चाळिसाव्या वर्षी ४४५, पन्नासाव्या वर्षी ३४६, साठाव्या वर्षी २४२ आणि सत्तराव्या वर्षी १४२. ज्याला आपण सहस्रचंद्रदर्शन म्हणतो त्या एक्याऐंशीच्या सुमारास उरतात ३४. आता एवढ्याच आकड्यांवरून एक प्रश्न विचारू : सत्तरी गाठण्याची संभाव्यता किती? पाळण्यातील मुलाला विचाराल तर हजारांत १४२, म्हणजे शेकडा चौदा. विशीच्या तरुणाला विचाराल तर तो १००० शी भागणार नाही. त्याच्या बरोबरीचे जे ५९८ उरले आहेत त्यांच्याशी १४२ चे प्रमाण काढील, आणि ते शेकडा चोवीसच्या जवळ येईल. चाळिशीच्या गृहस्थाला ते शेकडा बत्तीस आणि साठीच्या आजोबांना शेकडा एकोणसाठ. मुक्काम एकच, सत्तरीचा; पण जो जितकी वाट चालून आला, तितका तो त्याला जवळचा झाला. ज्या धोक्यांतून माणूस पार पडला, ते धोके त्याच्या पुढील हिशोबातून वजा होतात.

येथवर ऐकून वयोवृद्धांस समाधान वाटेल, आणि ते वाटणे रास्तही आहे. परंतु हाच प्रश्न थोडा फिरवून विचारला म्हणजे चित्र पालटते. आता मुक्काम स्थिर न ठेवता अंतर स्थिर ठेवू : येथून पुढे दहा वर्षे जगण्याची संभाव्यता किती? दहाव्या वर्षी ६६१ होते, त्यांतील विसाव्या वर्षी ५९८ उरले, म्हणजे शेकडा नव्वदांहून किंचित अधिक. विसाव्या वर्षापासून शेकडा एकोणनव्वद. चाळिसाव्यापासून शेकडा अठ्ठ्याहत्तर, पन्नासाव्यापासून सत्तर, आणि साठाव्यापासून एकोणसाठ. म्हणजे एखादे ठराविक वय गाठण्याची आशा वर्षागणिक वाढत जाते, आणि ठराविक काळ आणखी जगण्याची आशा प्रौढपणी वर्षागणिक घटत जाते. दोन्ही विधाने एकाच कोष्टकातून निघतात आणि दोन्ही खरी आहेत. लोकांचा घोटाळा होतो तो येथेच. वर्षासनाच्या निधीला मात्र दोहोंचीही गरज लागते : सभासद किती काळ वर्गणी देणार आणि त्याची पत्नी किती काळ वर्षासन घेणार, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत.

गणिताच्या भाषेत बोलावयाचे तर दीर्घ काळाची हयात ही एकेका वर्षाच्या हयातीची साखळी आहे. चाळिशीपासून सत्तरीपर्यंत जगावयाचे म्हणजे तीस वेळा एकेक वर्ष जगावयाचे, आणि प्रत्येक वर्षाची संभाव्यता पहिलीशी गुणीत गेले की तीस वर्षांची संभाव्यता मिळते. यास्तव विमागणिती, ज्याला अ‍ॅक्चुअरी असे म्हणतात, त्याचे लक्ष सारखे त्या एका वर्षाच्या कडीवर असते : या वयाला पोहोचलेल्यांपैकी पुढील वाढदिवसापूर्वी किती जातील?

ती कडी वयाबरोबर कशी झिजत जाते, याचा नियम १८२५ मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ याने सांगितला. हा गृहस्थ जन्माने ज्यू. त्या काळी इंग्लंडातील विद्यापीठांची दारे त्याच्या समाजाला बंद होती, म्हणून त्याने घरी बसून ग्रंथांवरून गणित आत्मसात केले, आणि पुढे रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले. ज्ञातीच्या शिष्यवृत्तिनिधीसाठी वर्गणी मागत हिंडणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे, असे मला वाटते. त्याचे म्हणणे असे की, प्रौढ वयात मृत्यूचा जोर बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखी ती वाढ असते. १८६० मध्ये विल्यम मेकहॅम याने त्यात वयाशी संबंध नसलेल्या अपघातादी कारणांची एक स्थिर रक्कम मिळविली. हा नियम बालपणाला लागू पडत नाही आणि अतिवार्धक्यातही तो ढिला पडतो. पण तिशी-चाळिशीपासून ऐंशीपर्यंतच्या पट्ट्यात त्याची उपयुक्तता दोनशे वर्षे टिकून आहे.

आपल्याच देशातील आकडे घेऊ. भारतातील विमेदारांच्या २०१२ ते २०१४ या काळातील अनुभवावरून जे कोष्टक तयार झाले, त्यात तिशीच्या हजारांमागे वर्षाला सुमारे एक मृत्यू धरला आहे. चाळिशीत पावणेदोनाहून थोडा कमी. पन्नाशीत साडेचारांच्या जवळ. आणि साठीत अकराच्या आसपास. चाळिशीनंतर सात-आठ वर्षांनी धोका दुप्पट होतो, असे यावरून दिसून येईल. विमा उतरणारे लोक वैद्यकीय तपासणीतून गेलेले व बव्हंशी बऱ्या स्थितीतले असतात, म्हणून एकंदर जनतेचे आकडे याहून चढेच असणार. इतकेच नव्हे, तर नुकतीच तपासणी झालेला चाळिशीचा माणूस आणि दहा वर्षांपूर्वी तपासणी झालेला चाळिशीचा माणूस हेही सारखे नसतात. तपासणीचा लाभ काही वर्षांत विरून जातो. वय एकच असूनही प्रवेशापासून लोटलेला काळ आपला हिशोब बदलतो. ठरावात वैद्यकीय तपासणीचा उल्लेख नाही, तेव्हा तो मुद्दा येथेच सोडतो.

आता ‘सारखी वर्गणी’ या शब्दाकडे वळू. समजा चार सभासद आहेत. वये तीस, चाळीस, पन्नास आणि साठ. प्रत्येकाच्या पश्चात कुटुंबास एक लाख रुपये एकरकमी द्यावयाचे आहेत. वरील आकड्यांप्रमाणे एका वर्षाच्या जोखमीची किंमत अनुक्रमे सुमारे १००, १७०, ४५० आणि ११०० रुपये होते. बेरीज १८२०, सारखी वाटली तर प्रत्येकी ४५५. तिशीचा तरुण आपल्या जोखमीच्या साडेचारपट रक्कम देत आहे. पहिली दोन वर्षे तो ज्ञातिप्रेमाने देईल. तिसऱ्या वर्षी कोणीतरी विमा कंपनीचा दर त्याला दाखवील, आणि तो नमस्कार करून बाहेर पडेल. उरलेल्या तिघांवर प्रत्येकी ५७३ पडतील. मग चाळिशीचा निघेल. दोघांवर ७७५ येतील. पन्नाशीचा निघाला की साठीचे गृहस्थ एकटे उरतील, आणि त्यांच्यापुढे ११०० रुपयांचा आकडा उभा राहील. यात कोणी लबाडी केलेली नाही, कोणी स्वार्थी नाही, चिटणीसांचे जमाखर्च चोख आहेत. तरीही निधी बुडाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडेही मृत्युप्रसंगी सर्वांनी सारखा वाटा टाकण्याच्या मंडळ्या निघाल्या आणि त्यांतील पुष्कळ अशाच रीतीने संपल्या. आपल्या देशात १९१२ साली कायदा होऊन विम्याच्या दरांचे कोष्टक आणि निधीचे नियतकालिक मूल्यमापन विमागणितीकडून प्रमाणित करून घेण्याची सक्ती झाली, ती उगाच झाली नाही.

या रोगावरचा उपाय जेम्स डॉड्सन या गणितशिक्षकाने शोधला. लंडनच्या अ‍ॅमिकेबल सोसायटीने वय पंचेचाळिसांवर गेल्याच्या कारणावरून त्याला सभासद करून घेतले नव्हते. त्याने अशी योजना मांडली की, प्रवेशाच्या वयावरून हप्ता एकदाच ठरवावा आणि तो जन्मभर सारखा ठेवावा. तरुणपणी माणूस जोखमीहून अधिक देतो, तो अधिक पैसा बाजूस राहून व्याजाने वाढतो, आणि उतारवयात जोखीम हप्त्याहून मोठी झाली की तोच पैसा उपयोगी पडतो. येथेही तरुण अधिक देतो, परंतु ते शेजाऱ्याच्या साठीसाठी नव्हे, स्वतःच्या साठीसाठी. डॉड्सन १७५७ मध्ये वारला. त्याच्या तत्त्वावर चालणारी इक्विटेबल सोसायटी १७६२ मध्ये निघाली.

कोणी विचारील की, केवळ वर्गणीवर चाललेला आणि यशस्वी झालेला विधवानिधी जगात झालाच नाही की काय? झाला आहे, आणि त्याची हकीगत आपल्या ठरावाशी इतकी जुळती आहे की ती थोडी विस्ताराने सांगणे योग्य होईल. स्कॉटलंडच्या चर्चमधील धर्मोपदेशकांच्या विधवा आणि मुले यांची फार दुर्दशा होत असे. १७४४ च्या सुमारास रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोघा धर्मोपदेशकांनी त्यांच्यासाठी निधी उभा केला. सर्व धर्मखात्यांतून त्यांनी माहिती मागविली, हॅलेच्या कोष्टकाचा आधार घेतला आणि एडिंबरो विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन यांच्याकडून आकडेमोड तपासून घेतली. त्यांच्या हिशोबाने कोणत्याही वेळी ९३० उपदेशक सेवेत असत. वर्षाला सरासरी २७ वारत. त्यांपैकी १८ जणांच्या मागे विधवा राहत, आणि विधवा न ठेवता गेलेल्यांपैकी ५ जणांच्या मागे पोरकी मुले राहत. वर्गणीचे चार दर होते. सर्वांत लहान दर वर्षाला २ पौंड १२ शिलिंग ६ पेन्सचा; तो देणाऱ्याच्या विधवेस वर्षाला १० पौंड मिळत. सर्वांत मोठा ६ पौंड ११ शिलिंग ३ पेन्सचा; त्यावर २५ पौंड. आलेला पैसा त्याच वर्षी वाटून न टाकता शिल्लक व्याजाने लावीत. १७६५ पर्यंत निधीत ५८,३४८ पौंड जमतील असा त्यांचा अंदाज होता; ते वर्ष उजाडले तेव्हा ५८,३४७ पौंड निघाले, असे नोंदले गेले आहे. कोणता उपदेशक केव्हा जाणार हे त्यांना मुळीच ठाऊक नव्हते. किती जाणार एवढेच ठाऊक होते, आणि निधीला तेवढे पुरले.

चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल की, या निधीत वयाप्रमाणे दर बदलत नव्हते. मग तो वर सांगितलेल्या चौघांच्या निधीसारखा का फुटला नाही? कारण नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक उपदेशकास त्यात सामील होणे सक्तीचे होते. तरुण बाहेर पडू शकत नव्हता, आणि दरवर्षी जितके वृद्ध जात तितके तरुण येत असल्यामुळे वयांचे मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहत होते. आपल्या ज्ञातीला अशी सक्ती करता येणार नाही, आणि ती करता येऊही नये. आपली निम्मी तरुण मंडळी आज पुण्या-मुंबईबाहेर, कित्येक तर देशाबाहेर आहेत. सभासदपत्रकावर नजर टाकली तर कोणते वयोगट भरलेले आहेत ते कोणालाही दिसेल.

वर्षासनाच्या प्रश्नात एका आयुष्याचा नव्हे, दोन आयुष्यांचा विचार करावा लागतो. पती चाळीस वर्षांचा आणि पत्नी तीस वर्षांची अशी शंभर जोडपी घेऊ आणि हॅलेचेच कोष्टक लावू. त्यात स्त्रीपुरुषांचा भेद केलेला नाही, पण रीत दाखविण्यास ते पुरेसे आहे. तीस वर्षांनी पती हयात असण्याची संभाव्यता ४४५ मध्ये १४२, म्हणजे शेकडा ३२. पत्नी साठीला हयात असण्याची संभाव्यता ५३१ मध्ये २४२, म्हणजे शेकडा सुमारे ४६. दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र मानल्या तर शंभरांपैकी सुमारे १५ जोडपी अखंड असतील, ३७ घरांत दोघेही नसतील, १७ घरांत एकटा पती असेल आणि ३१ घरांत एकटी पत्नी असेल. निधीची जबाबदारी आहे ती या एकतीस घरांची. पत्नी वयाने लहान असते, आणि आजच्या आकड्यांप्रमाणे स्त्रिया पुरुषांहून अधिक जगतात. ही दोन्ही कारणे एकाच दिशेने ओढतात. वर्षासन पाच-दहा वर्षे द्यावे लागेल अशी जी कल्पना ठरावाच्या टिपणात दिसते, तिच्याऐवजी वीस किंवा पंचवीस वर्षे पुष्कळ घरांत द्यावे लागेल, असे धरून चालले पाहिजे. ज्या भगिनीला पंचेचाळिसाव्या वर्षी आपण वचन दिले, ती सत्तर वर्षांची झाल्यावर निधी आटला असे तिला सांगण्याची पाळी ज्या कार्यकारिणीवर येईल, त्या कार्यकारिणीत आजचे कोणी बहुधा नसतील. या विषयातील खरी गोम हीच आहे : चुकीचा हिशोब करणारा आणि त्याचे फळ भोगणारा यांच्यामध्ये पिढीचे अंतर असते.

त्या दोन घटना स्वतंत्र मानल्या, असे मी म्हटले. वास्तविक एका घरात, एका चुलीवर, एकाच साथीत राहणारी माणसे स्वतंत्र नसतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने ऐन तारुण्यातली माणसे नेली, आणि त्या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. एप्रिल-मे २०२१ मध्ये एकाच आठवड्यात आई आणि वडील दोघे गेलेली घरे आपण पाहिली आहेत. अशा वर्षाचे आकडे घेऊन कायमचे कोष्टक बांधणे चुकीचे होईल, आणि असे वर्ष पुन्हा येणारच नाही असे मानून निधी बांधणे त्याहूनही चुकीचे होईल.

कोष्टके जुनी होतात, ही गोष्ट इंग्लंडच्या सरकारनेही पैसे मोजून शिकून घेतली. १८०८ पासून ते तहहयात वर्षासने विकू लागले. दर ठरविले नॉर्थॅम्प्टन गावच्या जुन्या कोष्टकावरून. त्या कोष्टकात मृत्यूचे प्रमाण वास्तवाहून फार अधिक धरलेले होते. विमा कंपन्यांना तेच कोष्टक लाभदायक ठरले, कारण अपेक्षेहून कमी विमेदार वारले आणि शिल्लक वाढली. परंतु वर्षासन घेणारे लोक कोष्टकाने नेमलेल्या दिवशी मरण्यास राजी नव्हते. ते आणखी आणखी जगत राहिले आणि सरकारी तिजोरीला प्रचंड तोटा आला. जॉन फिनलेसन याने वर्षासनदारांची प्रत्यक्ष नोंद तपासून ही चूक उघडकीस आणली, आणि त्याचा अहवाल १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच चूक विम्याला तारते आणि वर्षासनाला मारते. विमेवाल्याची भीती माणूस लवकर जाईल ही. वर्षासन देणाऱ्याची भीती तो दीर्घकाळ राहील ही. आपल्या देशात तर आयुर्मान शतकभरात तिप्पट झाले आहे. आज साठीची संभाव्यता पाहून केलेला हिशोब, आजची तिशीची भगिनी साठीला पोहोचेल तेव्हा तिला लागू पडेलच असे नाही. त्या वेळची साठी निराळी असेल. वयाबरोबर संभाव्यता बदलते तशी सनाबरोबरही बदलते.

‘आपल्या ज्ञातीचे लोक मुळातच दीर्घायुषी आहेत, तेव्हा आपण आपलेच कोष्टक करू’ अशीही एक सूचना आली आहे. अभिमान म्हणून ती ठीक आहे. वर्षासनाच्या निधीला मात्र दीर्घायुष्य परवडत नाही, हे आत्ताच सांगितले. शिवाय आपली संख्या कोष्टकाला पुरेशी नाही. हजार सभासद आहेत आणि वर्षाला सरासरी चार मृत्यू अपेक्षित आहेत असे समजा. काहीही विपरीत घडलेले नसता, निव्वळ योगायोगाने, शंभरांपैकी पाच वर्षी आठ किंवा अधिक मृत्यू होतील, आणि नऊ वर्षी एकच किंवा एकही होणार नाही. अशा दोन चांगल्या वर्षांनंतर वर्षासन वाढवा असा आग्रह होतो आणि एका वाईट वर्षानंतर कार्यकारिणीवर अविश्वासाचा ठराव येतो. दोन्हींचा आधार सारखाच पोकळ आहे. स्कॉटलंडमधील निधीला ९३० माणसे पुरली, कारण सेवेतील रिकाम्या जागा दरसाल भरल्या जात आणि हिशोब वीस-वीस वर्षांचा होता.

मग करावे काय? एक अडचण कायद्याचीच आहे. १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून कोणालाही विम्याचा व्यवसाय करता येत नाही. ठराविक वर्गणीच्या बदल्यात ठराविक तहहयात रक्कम देण्याचे वचन हे त्या कायद्याच्या कक्षेत येण्यासारखे आहे, तेव्हा वकिलांचे मत घेतल्यावाचून तसे छापील पत्रक काढू नये. माझी सूचना अशी की, मंडळाने वचन देऊ नये, साहाय्य द्यावे. साहाय्यनिधी ऐच्छिक देणग्यांवर चालावा, दरवर्षी शिल्लक पाहून रक्कम ठरावी, आणि ती गरजेप्रमाणे द्यावी. ज्यांस निश्चित वर्षासन हवे आहे, अशा सभासदांसाठी नोंदलेल्या विमा संस्थेकडून सामुदायिक योजना घ्यावी, जिच्यात हप्ता वयाप्रमाणे असेल. वृद्ध सभासदांना तो जड वाटेल, हे खरे आहे. तेथे ज्ञातीने हप्त्याचा काही भाग उघडपणे, देणगी म्हणून उचलावा. तरुणांच्या वर्गणीत तो लपवू नये. तरुण मंडळी देण्यास नाखूष नसतात. आपण काय देत आहोत हे न कळणे त्यांना आवडत नाही.

कोणत्याही योजनेला प्रथम लागते ती वयांची यादी, आणि आपल्याकडील वयांवर विसंबून राहणे कठीण असते. जनगणनेत लोक तीस, चाळीस, पन्नास अशी भरीव वये सांगतात. शाळेच्या दाखल्यावरची तारीख पाहावी तर आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांचा जन्म १ जून रोजी झालेला दिसतो. गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीने लिहिलेली ती तारीख आहे. सुदैवाने आपल्या घरांतून जन्मपत्रिका जपून ठेवण्याची चाल आहे. तिच्यातील फलादेशाविषयी मला काही म्हणावयाचे नाही, परंतु तिच्यातील तिथी आणि वार हा विमागणिताच्या दृष्टीने उत्तम पुरावा आहे. मंडळाच्या कचेरीतून जो नमुना वाटला आहे, तो पत्रिका समोर ठेवून भरावा. आतापर्यंत परत आलेल्या नमुन्यांत पतीची जन्मतारीख बहुतेकांनी लिहिली आहे. पत्नीच्या जन्मतारखेचा रकाना मात्र पुष्कळांनी कोरा सोडला आहे. वर्षासन किती वर्षे द्यावे लागेल ते त्या रकान्यावरूनच ठरणार आहे, तेव्हा तो भरून नमुने या महिन्याच्या अखेरपर्यंत चिटणीसांकडे पोहोचवावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.